हिरॉइनची उडी

रबरला सगळे रबर म्हणत, कारण त्याला कुठूनही टाकलं तरी तो पुन्हा उभा राही. त्याचा धंदाच पडण्याचा. सिनेमात मारामारी होते, मारामारीत कोणीतरी छपरावरून कोसळतं, जिन्यावरून गडगडतं, काच फोडून बाहेर येतं. ते पडणारे वेगळे आणि ज्यांचा चेहरा दिसतो ते वेगळे, हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. रबर त्या पडणाऱ्यांपैकी, म्हणजे सेटवरच्या भाषेत डुप्लिकेट. त्याचा चेहरा पडद्यावर कधी आला नाही, पाठ मात्र अख्ख्या गावानं पाहिलेली. त्याला त्याचं वाईटही वाटत नसे. "चेहऱ्याला लागलं की हिरो रडतो," तो म्हणे, "पाठीला लागलं की फक्त बायको."

या धंद्यात एक रीत आहे. पडलेल्या माणसानं उठण्याआधी जमिनीवर दोनदा थापटायचं. म्हणजे हाडं शाबूत आहेत, शुद्ध आहे, धावत येऊ नका. थाप आली नाही तर मारामारी बसवणारा मास्तर शिटी फुंकतो आणि सगळे काम टाकून पळतात. बाकीचे तळहातानं थापटत. रबरचा डावा हात तरुणपणी कोपरात मोडला होता आणि सांधला तो वेडावाकडाच, तळवा जमिनीकडे वळेचना. म्हणून रबर हाताच्या पाठीनं थापटायचा. ही रीत त्याच्या घरातही शिरली होती. त्याची मुलगी लहानपणी अंगणात पडली की आधी दोनदा थापटायची आणि मगच रडायचं की नाही ते ठरवायची. तेही उलट्या हातानं, कारण बाप करतो तेच बरोबर.

या मुलीला घरात मिठू म्हणत. ती बोलायला लागली ती थांबलीच नाही. बापानं तिला घरातल्या जुन्या गाद्यांवर पडायला शिकवलं, खांद्यावरून लोळायला, गुडघे मऊ ठेवायला. पोरगी हुशार निघाली. सतरा वर्षांची झाल्यावर एक दिवस म्हणाली, "बाबा, मला तुझ्या सरावाच्या शेडवर ने. मला हेच काम करायचंय."

"या धंद्यात बायकांना काम नाही," रबर म्हणाला.

ती रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही, आणि मग कॉलेजात गेली. तिथे जाऊन वादविवाद स्पर्धांमध्ये बक्षिसं मिळवू लागली. रबरला वाटलं, सुटलो. पोरीची हाडं वाचली. आता यात बापाचं काही चुकलं असं तेव्हा कोणी म्हणालं नसतं. मीही म्हणालो नसतो.

पण रबरनं घरात एक गोष्ट झाकून ठेवली होती. गेली अकरा वर्षं तो हिरोचा नव्हे, हिरॉइनचा डुप्लिकेट होता.

झालं असं की रबर अंगानं बारीक, उंचीला बेताचा, आणि कंबर अशी की शिंप्यानं दोनदा टेप लावून बघावी. एकदा हिरॉइनला पुलावरून उडी मारायची होती. मास्तर म्हणाले, "बायांचा ताप नको मला. एकीला खरचटलं की तिचा भाऊ येतो, नवरा येतो, पेपरवाला येतो. तू विग घाल आणि मार उडी." रबरनं विग घातला, छातीला आणि मांड्यांना फोमची पॅडं बांधली, झगा चढवला आणि उडी मारली. उडी झकास झाली. मग प्रत्येक सिनेमात तेच. हिरॉइन घोड्यावरून पडली की रबर पडायचा, हिरॉइन गुंडाला लाथ घालायची तेव्हा पाय रबरचा असायचा. त्यासाठी हातापायांचे केस काढावे लागत. मिठूनं विचारलं तर तो सांगे की पॅडांच्या चिकटपट्टीनं उपटून निघतात. पोरीनं विश्वास ठेवला. बापावर नाही ठेवायचा तर कोणावर?

बायकोला मात्र हे पहिल्याच वर्षी कळलं, आणि कळलं ते फार वाईट रीतीनं. तिला त्याच्या शर्टाच्या कॉलरवर हातभर लांबीचा सोनेरी केस सापडला. तिनं त्याचं ताट वाढलं, ते जरा जोरात आपटलं, आणि स्वतः माहेरच्या पिशव्या भरायला बसली. रबरची पाचावर धारण बसली. शेवटी तो शेडवरून विगच घेऊन आला, दार लावलं आणि तिच्यासमोर घालून उभा राहिला. बायको आधी बघतच राहिली. मग जी हसत सुटली ती भिंतीला टेकून खाली बसली. "अहो, तुम्ही माझ्यापेक्षा बऱ्या दिसता की हो!" म्हणाली. त्या दिवसापासून तीही या गुपितात सामील. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं दोघांनी ठरवलं. रबरला भीती एकच होती. मिठूला कळलं तर ती हसेल. आईसारखी नाही, वेगळं हसेल. जगात त्याला बाकी कोणाच्याही हसण्याची पर्वा नव्हती.

या शेडवर एक बाई होती, तिला मांजर म्हणत. रबर आणि ती एकाच मास्तरांच्या हाताखाली शिकलेले. कुठूनही सोडा, ती चार पायांवर यायची, म्हणून मांजर. ती त्यांच्या घरी येत असे. मिठूला पहिली कोलांटउडी तिनंच शिकवली, आणि मिठू तिला मावशी म्हणे. पुढे मांजरला काम मिळेनासं झालं. हळूहळू ती शेडच्या कोपऱ्यात शिवणयंत्रावर बसली आणि पडणाऱ्यांसाठी पॅडं शिवू लागली. लोक म्हणाले, वय झालं असेल. लोक म्हणाले, बरं झालं, सावलीतलं काम मिळालं. रबरही असंच काहीतरी म्हणाला होता.

मग तो सिनेमा आला. नाव सांगत नाही, कारण त्या दिवसांत ज्याला ते नाव माहीत नाही असा माणूस शोधून सापडला नसता. रिक्षाच्या पाठीवर तो, बिस्किटाच्या पुड्यावर तो, न्हाव्याच्या आरशावर तो. त्यात एक प्रसंग होता. गोदामाला आग लागलीय, हिरो खाली बेशुद्ध, आणि हिरॉइन एका लहान मुलाला काखेत मारून तिसऱ्या मजल्यावरून उडी घेते, लोळते, उठते आणि गुंडांना बडवते. थिएटरात लोक खुर्च्यांवर उभे राहत. मिठू तो सिनेमा मैत्रिणींबरोबर पुन्हा पुन्हा पाहून आली. एका संध्याकाळी जेवताना तिनं विचारलं, "बाबा, तुमच्याच मास्तरांचं काम आहे ना ते? ती उडी कोणी मारली? हिरॉइननं तर नक्कीच नाही."

बायकोनं आमटीच्या भांड्यात डाव बुडवला आणि तो ढवळतच राहिली.

रबरला "माहीत नाही" म्हणता आलं असतं. "विचारून सांगतो" म्हणता आलं असतं. पण गडबडीत माणूस नेमकं तेच बोलतो ज्यानं खड्डा आणखी खोल होतो. तो म्हणाला, "आहे एक बाई. मी दोरी धरली होती."

मिठूचे डोळे चमकले. "खरंच? बाईनं? कशी आहे ती?"

"धाडसी आहे," रबर म्हणाला. आता बोलायचंच तर चार चांगले शब्द बोलावेत, एवढाच विचार. "शांत असते. फार बोलत नाही."

पुढे कॉलेजात वादाचा विषयच तो निघाला: या सिनेमात बायकांना न्याय मिळालाय का? मिठू "मिळालाय" या बाजूनं बोलणार होती. घरच्यांना बोलावणं होतं. रबर इस्त्रीचा शर्ट घालून बायकोबरोबर सभागृहात जाऊन बसला. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या, मागे मुलं उभी होती. समोर पडदा, टेबलामागे परीक्षक म्हणून एक वयस्कर प्राध्यापिका. बापाची छाती फुगली होती. लेक बोलायला उभी राहिली की कुठल्या बापाची फुगत नाही?

मिठूनं सुरुवात झोकात केली. या सिनेमात बाई फक्त वाट बघत नाही, म्हणाली. नायकाला वाचवणारी बाई किती सिनेमांत पाहिलीत? लोक टाळ्या देत होते. मग ती जरा थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "चेहरा हिरॉइनचा आहे, मान्य. पण उडी एका खऱ्या बाईनं मारलीय. तिचं नाव मला माहीत नाही, सिनेमाच्या नावांच्या पाट्यांतही नाही. माझे बाबा तिथे होते, त्यांनी तिची दोरी धरली होती. याच बाबांनी मला एकदा सांगितलं होतं की या धंद्यात बायकांना काम नाही. ही उडी पाहिली आणि मला वाटलं, कोणीतरी दार उघडलंय. मी गेले नाही तरी चालेल, कोणीतरी आत गेलीय. म्हणून मी म्हणते, न्याय मिळालाय."

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. काही माणसांनी वळून रबरकडे कौतुकानं बघितलं. बायकोनं त्याचा हात धरला.

मग विरुद्ध बाजूची मुलगी उठली. चष्मेवाली, किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. ती म्हणाली, "या सिनेमात हिरॉइनचा चेहरा कधी दिसतो ते आठवा. ती रडते तेव्हा दिसतो. गाते तेव्हा दिसतो. 'तू जाऊ नकोस' म्हणते तेव्हा दिसतो. पराक्रम करते तेव्हा तिचा चेहराच नाही. हिरोच्या दोन बहिणी आहेत. एक मरते, म्हणजे हिरोला राग यावा. दुसरी जिवंत राहते, म्हणजे तिनं पहिलीसाठी रडावं. आणि ज्या उडीचं एवढं कौतुक झालं, ती उडी मी तुम्हाला सावकाश दाखवते. हातच्या काकणाला आरसा कशाला? कॅमेरा काय बघतो ते बघा. काखेतलं मूल जिवंत आहे का, हे बघत नाही. झगा कुठे फाटतो ते बघतो."

दिवे मंद झाले. पडद्यावर आग, धूर, खिडकी. हिरॉइन हवेत तरंगत खाली येऊ लागली, इतकी सावकाश की झग्याच्या सुरकुत्याही मोजाव्यात. झगा मांडीवर फाटला आणि मागची मुलं खिदळली. ज्या मांडीकडे अख्खं सभागृह बघत होतं तो फोम होता, आणि त्या फोमच्या आतला माणूस चौथ्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. एरवी त्याला हसू आलं असतं. त्यानं तोंडावर रुमाल धरला.

पडद्यावरची बाई खाली पोचली, खांद्यावरून लोळली, आणि उठण्याआधी तिचा डावा हात जमिनीवर आला. एकदा. दोनदा. हाताच्या पाठीनं.

थिएटरात हे डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होऊन जायचं, कोणाच्या लक्षात येत नसे. कापायचं राहून गेलेलं असणार. इथे मात्र ते पडद्याएवढं मोठं दिसलं. रबरनं मिठूकडे पाहिलं. मिठूचं तोंड अर्धवट उघडं होतं. ती पडद्याकडे बघत होती आणि तिचा स्वतःचा डावा हात टेबलावर उताणा पडला होता.

दिवे लागले. प्राध्यापिका म्हणाल्या, "उत्तर द्यायचंय?"

मिठू उठली. म्हणाली, "तेवढं परत लावाल?"

परत लावलं. "पुन्हा एकदा." पुन्हा लावलं. मागून कोणीतरी ओरडलं, "अगं, मांडी पाठ झाली आता!" आणि हशा पिकला. मिठू हसली नाही. तिनं चौथ्या रांगेकडे बघितलं. रबरला ती नजर आयुष्यात कधी विसरता आली नाही. त्या नजरेत राग असता तर तो समजू शकला असता. घरात पाय टाकावा आणि घर दुसऱ्याचंच निघावं, तशी ती बघत होती.

"मी म्हणाले होते, ती उडी एका बाईनं मारलीय," मिठू म्हणाली. "ते खोटं आहे. बोलले तेव्हा मला माहीत नव्हतं. मी माझी बाजू मागे घेते."

"तुला कसं कळलं?" चष्मेवालीनंच विचारलं. ती स्वतः चकित झाली होती, जिंकल्याचा आनंदही विसरली होती.

"कळलं," मिठू म्हणाली आणि बसली. बापाचं नाव तिनं घेतलं नाही.

तिघं घरी आली. स्वयंपाकघरात बायकोनं चहा टाकला, उतू गेला, पुन्हा टाकला. शेवटी रबरला राहवेना. त्यानंच सुरुवात केली. विग, झगा, पॅडं, सगळं एका दमात सांगून टाकलं. "पोटासाठी माणूस काय काय करतो, मिठू. तुला लाज वाटेल म्हणून सांगितलं नाही. बाप बायकांचे कपडे घालतो, हे कुठल्या पोरीला..."

"झग्याचं काय मला?" मिठू म्हणाली. "रोज घाल. मी शिवून देईन. मला एवढंच सांग, बाई का नाही?"

रबर गोंधळला. अकरा वर्षं ज्या प्रश्नाच्या उत्तराची तयारी केली तो प्रश्न आलाच नाही. "मास्तर म्हणाले बाया नकोत. एखादीला लागलं तर..."

"कोणाला लागलं होतं?"

तो आठवत राहिला. कोणीच आठवेना. लागलं होतं ते त्यालाच. दोनदा बरगडी, एकदा घोटा. "म्हणजे लागू शकतं ना," तो म्हणाला.

"आणि उडी मारू शकेल अशी बाईच नव्हती का तेव्हा शेडवर?"

आता बघा, माणूस रोज जिच्याशी बोलतो, जिच्या हातचं पॅड बांधतो, ती त्याला दिसत नाही म्हणजे काय? काखेत कळसा आणि गावाला वळसा. रबरनं अगदी प्रामाणिकपणे, डोकं खाजवून, नाही म्हणायला तोंड उघडलं. आणि ते तसंच उघडं राहिलं.

"मांजर," बायको ओट्याकडे तोंड करून म्हणाली. मग वळली. "अहो, मांजर होती की. ती इथे याच पाटावर बसून रडली होती, काम मिळत नाही म्हणून. तुम्ही विग घालून दाखवलात त्याच वर्षी. मी तिला चहा दिला. अहो, मी तिला समजावलं! म्हटलं, मिळेल काम." तिनं पदराऐवजी हातातलं फडकंच तोंडाला लावलं. "मला कसं सुचलं नाही?"

"मी नसतं केलं तर मास्तरांनी दुसरा कोणी बघितला असता," रबर म्हणाला. हे वाक्य तोंडातून बाहेर पडताना त्याला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं.

"तू 'नाही' म्हणाला असतास तर मावशीचं नाव तरी निघालं असतं," मिठू म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. मिठूचा आवाज वादात चढायचा, घरात चढायचा, पण आता नाही. "तू मला सांगितलंस की या धंद्यात बायकांना काम नाही. मला वाटलं, तू मला जपतोयस. बाबा, तू बरोबरच सांगत होतास रे. नव्हतंच काम. ते तुझ्याकडे होतं."

ती आपल्या खोलीत गेली. दारसुद्धा आपटलं नाही. चहा तिघांचाही तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी रबर मास्तरांपुढे जाऊन उभा राहिला. मास्तर दोरीचे पीळ तपासत होते. रबर म्हणाला, "मी यापुढे बाईची उडी मारणार नाही. मांजरला द्या."

मास्तरांनी मानसुद्धा वर केली नाही. "वेडा झालास? हिरॉइन बावीस वर्षांची आहे. मांजरचं वय काय?"

"त्रेचाळीस."

"मग?"

"मी सत्तेचाळीसचा आहे, मास्तर."

मास्तरांनी आता वर बघितलं. बघितलं आणि हसले, वाईट मनानं नव्हे, लहान मुलानं काहीतरी भलतंच विचारल्यावर हसतात तसे. "तुझी गोष्ट वेगळी आहे," म्हणाले.

कशी वेगळी, हे रबरनं विचारलं. मास्तरांना सांगता येईना. ते चिडले. "नको तर नको मारूस. अडलं कोणाचं?" म्हणाले आणि दोरीकडे वळले. रबरला वाटलं होतं मास्तर समजूत घालतील, जुने दिवस काढतील, खांद्यावर हात ठेवतील. तसं काही झालं नाही. हिरोच्या दुष्मनांमध्ये मार खायचं काम तेवढं त्याला शिल्लक राहिलं.

घरी येऊन त्यानं हे सांगितलं. खरं सांगायचं तर जरा फुशारकीनंच सांगितलं. नुकसान सोसून आलेल्या माणसाला निदान पाठीवर थाप तरी हवी असते. मिठू त्या दिवसांत त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशीला सांगितलंस?"

"नाही अजून."

"मग चल. मीही येते."

शेडवर दुपारची सामसूम होती. खोक्यांच्या थप्प्या, भिंतीला टेकवलेल्या गाद्या, वर पत्रा तापलेला. कोपऱ्यात मांजर यंत्रावर वाकून बसली होती. मिठूला बघून तिचा चेहरा फुलला. "अगं बाई, केवढी झालीस!" म्हणाली. एका पायानं तिनं स्टूल पुढे ढकललं. ते ढकलण्यातही जुनी चपळाई होती.

रबर उभाच राहिला. त्यानं सगळं सांगितलं. वाद, पडदा, मास्तर, नकार. "मी ते काम सोडलंय," तो म्हणाला. "तुला ते मिळायला हवं होतं, मांजर. माझ्या डोक्यातच आलं नाही कधी."

"सोडलंस ते कळलं मला," मांजर म्हणाली. तिनं मांडीवरचं पॅड उचलून दाखवलं. कमरेचं आणि मांड्यांचं, रबर अकरा वर्षं बांधत होता तेच. एका बाजूची शिवण उसवलेली होती. "मास्तरांनी नवा माणूस आणलाय. तुझ्याहून बारीक आहे. हे आत घ्यायला सांगितलंय."

रबर त्या पॅडाकडे बघत राहिला.

मिठूनं विचारलं, "मावशी, तू तेव्हा काही बोलली का नाहीस?"

मांजरनं दातानं दोरा तोडला. "पहिल्या वेळी तुझ्या बाबाचं माप घ्यायला मास्तरांनी मलाच पाठवलं होतं. मी टेप घेऊन त्याच्या मागे उभी होते. मला वाटलं, आता हा वळेल. आम्ही एकत्र शिकलो होतो ना. म्हटलं, हा वळून म्हणेल, अगं, हे काम तर तुझं आहे. म्हणून मी टेप तशीच धरून थांबले. बराच वेळ थांबले."

"मग?"

"तो म्हणाला, कमरेत जरा सैल ठेव."

रबरला ते काही केल्या आठवेना. त्यानं तो दिवस आठवला, पूल आठवला, खालचं पाणी आठवलं, विगच्या आत आलेली खाज आठवली. पाठीमागे कोणी उभं होतं हे मात्र आठवेना. त्यानं मिठूकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिनं खाली वाकून पॅडाचं दुसरं टोक धरलं, म्हणजे मावशीला टाका सरळ घालता यावा. मांजरनं यंत्र सुरू केलं.